कॉम्प्युटरवर गाणी ऐकायला आधी साउंड कार्ड घ्यावं की चांगले स्पीकर?

स्पीकर.

तुम्ही लिहिलंय की हातात सहा हजार आहेत, कॉम्प्युटर तीन वर्षांचा आहे, त्याच्यासोबत आलेले स्पीकर म्हणजे नुसते डबे आहेत, आणि ऑफिसातला मित्र म्हणतोय आधी साउंड कार्ड (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी पाटी) घे, स्पीकरचं नंतर बघू. तुमच्या मित्राला मी ओळखत नाही, पण तो आमच्या दाजींच्या जातकुळीतला असणार. म्हणून उत्तर जरा लांबेल.

2002 साल. आम्ही मिरजेचे. अण्णा नुकतेच रिटायर झालेले. हार्मोनियम वाजवायचे आणि दर वर्षी मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात रात्र रात्र गाणं ऐकत बसायचे. घरातल्या कॅसेटी घासून घासून संपल्या होत्या, म्हणून कॉम्प्युटर आल्यावर सीडीवर गाणं ऐकायचं असा त्यांचा बेत. लोकांना मात्र सांगायचे की कॉम्प्युटर पोराच्या शिक्षणासाठी घेतलाय.

कॉम्प्युटर असेम्बल करून पावणेचार हजार उरले. मी म्हणालो, स्पीकर घेऊ. दाजी मुंबईला, कॉम्प्युटर लाइनमध्ये, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "अण्णा, विहिरीतच पाणी गढूळ असेल तर नळ पितळेचा लावून काय उपयोग?" वाक्य इतकं झकास होतं की अण्णा तिथंच विरघळले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका मोठ्या कंपनीचं पीसीआय कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खाचेत बसणारं साउंड कार्ड आलं, तीन हजार तीनशेला. उरलेल्या साडेचारशेत प्लॅस्टिकचे स्पीकर. त्यांच्यावर सोनेरी स्टिकर होतं, 1000 वॅट पीएमपीओ. अडॅप्टरवर बारीक अक्षरात 9 व्होल्ट, 1 अँपिअर. गुणाकार करा. भिंतीतून 9 वॅट घेणारा डबा 1000 वॅट कुठून देणार? स्पीकर घेताना पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) हा शब्द दिसला की पुढच्या डब्याकडे वळायचं, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) किती ते विचारायचं.

दाजींनी स्वतः कार्ड बसवलं, किराणा घराण्याची एक सीडी लावली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "गवई आलाय, तंबोरा घरी विसरला वाटतं."

आता हे तंबोऱ्यांच्या गावात. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटं. तिथून जाताना जवारी काढताना (तारेचा झंकार जुळवताना) छेडलेली तार रोज कानावर पडते, त्यामुळे अण्णांना फसवणं शक्य नव्हतं. दाजी म्हणाले, कार्ड थोडं चालू द्या, मोकळं होईल. कार्ड म्हणजे काय नवी कोल्हापुरी चप्पल आहे?

तंबोरा का हरवला ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. पुरुष गवई काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गात असेल तर मधला षड्ज साधारण 138 हर्ट्झवर येतो. खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे 69 च्या आसपास. तीन इंची कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) आणि प्लॅस्टिकचं पोकळ खोकं 150 च्या खाली हात टेकतं. तंबोऱ्यात वरचे स्वरांश भरपूर असतात, त्यामुळे कान खर्जाचा अंदाज बांधतो, सूर कळतो, पण अंग लागत नाही. तबल्याच्या डग्ग्याचंही तेच, घुमारा जाऊन नुसती टपटप उरते. खालचा आवाज काढायला हवा ढकलावी लागते. हवा ढकलायला मोठा कोन लागतो, जड खोकं लागतं. जगातलं कुठलंही कार्ड हवा ढकलत नाही.

आणि विहिरीची गंमत मला दोन वर्षांनी कळली. विंडोज 98 मध्ये ऑडिओ सीडी लावली की बहुतेक वेळा सीडी ड्राइव्ह स्वतःच आकड्यांचा आवाज करायची आणि तो एका बारीक वायरीने कार्डाकडे पाठवायची. म्हणजे विहीर होती ड्राइव्हमध्ये! दाजींचं तीन हजारांचं कार्ड मधला पाइप होतं.

दिवाळीला दाजी आले तेव्हा मी सीपीयू स्कूटरवर पुढ्यात धरून आत्याच्या घरी नेला. तिच्याकडे जुना अँप्लिफायर आणि आठ इंची वूफरची (खालचे सूर काढणाऱ्या कोनाची) लाकडी खोकी होती. तीच गाणी आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेतली होती. दाजींना पाठ करून बसवलं. मदरबोर्डावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर, आवाजाची सोय आधीपासून होतीच. कधी मदरबोर्डाच्या भोकात पिन, कधी कार्डाच्या, आणि त्यांनी ओळखायचं. आवाज दोन्हीकडे सारखा ठेवायची काळजी घेतली, कारण जरा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. दहा वेळा विचारलं. ताई वहीत लिहीत होती. पाच बरोबर आले. दाजी आजही सहा म्हणतात. सहा धरले तरी काय, नाणं उडवून तेवढे येतातच. अण्णांचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. ते डोळे मिटून बसले होते आणि एकदाच म्हणाले, "आला रे तंबोरा." तेव्हा पिन मदरबोर्डाच्या भोकात होती, हे मी आजवर प्रत्येक भाऊबीजेला सांगितलंय.

साउंड कार्डाचा हा दबदबा आला कुठून? 1989 मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा पीसीला नुसतं बीप करता यायचं. तेव्हा कार्ड नाही तर आवाज नाही, असा सरळ हिशोब होता. पुढे 1997 मध्ये इंटेलने एसी97 हे आवाजाचं मानक आणलं, आवाज मदरबोर्डावर आला, आणि सुरुवातीला तो खरंच सुमार असायचा. 2004 पासून त्याच्या जागी सुधारलेलं एचडी ऑडिओ आलं. गेमवाल्यांना कार्डाच्या चिपचा फायदा होता, तोही विंडोज व्हिस्टाने ती वाटच बंद करून संपवला. पण लोकांच्या डोक्यात अजून 1997 चालू आहे. आजच्या साध्या बोर्डाचा दोष स्पीकरच्या दोषापुढे किरकोळ असतो. स्पीकर आणि खोली मिळून आवाजाचं जे करतात, त्यापुढे चिपने बिचारीने काय बिघडवायचं!

तुमचे सहा हजार सगळे स्पीकरवर घाला. 2.1 (दोन छोटे स्पीकर आणि बेसचं एक खोकं) मधला घुमणारा सबवूफर दुकानात भारी वाटतो आणि घरी आठवड्यात डोकं उठवतो. त्यापेक्षा दोन लाकडी खोक्यांचे, आत अँप्लिफायर असलेले स्पीकर बघा, चार-पाच इंची वूफर असलेले. सहा हजारांत खर्ज पूर्ण नाही मिळणार, पण डग्गा मिळेल. घरी आणल्यावर कोपऱ्यात भिंतीला चिकटवू नका, बेस फुगतो. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण करा, उंची कानाच्या रेषेत. टेबलावर आडवे टाकलेले असतील तर खाली दोन जाड पुस्तकं ठेवा. आमच्याकडे दाजींनी भेट दिलेली कॉम्प्युटरची पुस्तकं आहेत.

आणि हो, स्पीकरला आवाज ब्लूटूथवर किंवा यूएसबीने देणार असाल (यूएसबीतून नुसती वीज नव्हे) तर मित्राला सांगा की त्यात साउंड कार्डाचा संबंधच येत नाही, आकड्यांचा आवाज स्पीकरच्या पोटात होतो. एवढं एक वाक्य त्याला पुरेल.

आता थोडं दाजींच्या बाजूने, नाहीतर ताई फोन करेल. आमच्या त्या जुन्या बोर्डावर गाणं बंद असताना माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर यायची. कार्डातून येत नव्हती. (परीक्षेत माउसला हात लावायचा नाही असा नियम मीच केला होता. दाजी त्याला चीटिंग म्हणतात.) तुमच्याकडे तशी किरकिर असेल तर आतलं कार्ड नको, यूएसबीवर लागणारं बाहेरचं छोटं डॅक (आकड्यांचा आवाज करणारी डबी) घ्या, सीपीयूच्या पोटातल्या गोंगाटापासून लांब राहतं. लॅपटॉपला चार्जर लावल्यावरच घूं येत असेल तर दोष अर्थिंगचा असतो, आधी चार्जर काढून बघा. चालवायला जास्त ताकद लागणारे हेडफोन असतील तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही हेडफोनचं काही विचारलेलं नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर मात्र मी हरलो. बोर्डाच्या लाइन-इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक) सूं असा आवाज यायचा, कार्डाच्या लाइन-इनमध्ये जवळजवळ नाही. अण्णांच्या हार्मोनियमच्या आणि भजनाच्या एकवीस कॅसेटी होत्या. 2005 मध्ये त्यातल्या चौदा मी त्याच कार्डातून कॉम्प्युटरवर घेतल्या. आज त्या लाकडी स्पीकरवर लावल्या की भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. दाजी, हा मुद्दा तुमचा. बाकीचे नाहीत.

सात कॅसेटी राहिल्यात. कार्ड माळ्यावर आहे, पण त्याला लागणारा पीसीआय स्लॉट माझ्या आताच्या मदरबोर्डावर नाही. तुमच्या मित्राकडे एखादा जुना कॉम्प्युटर पडून असेल तर विचारून सांगा.