रेघ अर्धी सोडा

"दिवसभर मोकळीच असते, तरी थकलेली असते." आजारपणामुळे, बदलीमुळे किंवा आणखी कशाने एकटं राहावं लागलेली माणसं हे मला वारंवार सांगतात. 2020 च्या टाळेबंदीत तर रोज कुणी ना कुणी सांगायचं. पाठोपाठ येतं, "सगळे म्हणतात छंद लाव, पण मला कुठे काय येतं?"

पन्नाशीच्या एका बाईंचं उदाहरण देते (ओळखीचे तपशील बदलले आहेत). अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर संसर्गाच्या भीतीने त्यांना काही महिने माणसांपासून दूर राहायचं होतं. आमचं बोलणं व्हिडिओवरच होई. छंद त्यांनी कधीच लावून घेतला होता. रोज एक चित्र पुरं करायचं, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचं आणि अंगठे मोजायचे. झोप मात्र येत नव्हती.

मी विचारलं, "चित्र काढताना तुमच्याकडे कोण बघत असतं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सगळेच. आमच्याकडे रिकामं बसलेलं कुणाला खपायचं नाही, मॅडम."

म्हणजे खोलीत एकट्या असूनही डोक्यावर मुकादम बसलेलाच. अशाने विश्रांती कशी मिळणार?

ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट मला फार जवळचे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. 1958 मध्ये त्यांनी मांडलं की, एकटं राहण्याची क्षमता मुळात कुणाच्या तरी निर्धास्त सोबतीतच तयार होते. मुलांशी ते रेघांचा खेळ खेळत. एकाने वेडीवाकडी रेघ ओढायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी करायचं, मग पाळी उलट. तोच खेळ मी या बाईंना दिला. डोळे मिटून डाव्या हाताने रेघ ओढायची आणि फोटो फक्त भाचीला पाठवायचा.

"अर्धवटच पाठवू?"

"अर्धवटच."

भाचीने त्या रेघेचं रुसलेलं मांजर केलं आणि आपली एक रेघ धाडली. पुढच्या भेटीत बाई हसतच स्क्रीनवर आल्या. "आता ती छान म्हणेल का, याची वाट बघत नाही. तिला त्यात काय दिसेल, याची बघते." थोड्या वेळाने सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "काल पेन हातात असतानाच डोळा लागला."

इतक्या वर्षांच्या कामात असं वाक्य ऐकलं की मी वहीत तारीख टाकते. पुरं झालेलं चित्र समोरच्याकडून फक्त शेरा मागतं. अर्धी रेघ त्याला आत बोलावते. सोबत तिथून सुरू होते, आणि सोबत आहे असं वाटलं की अंग सैल पडतं.

येत नाही म्हणून अडून बसू नका. 2016 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 45 मिनिटं रंग, माती, कागद यांत रमल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक कमी झालं. पूर्वी कला केली होती की नाही, याने फारसा फरक पडला नाही. माणसं 39 च होती, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकत नाही. पण माझा अनुभव तसाच आहे.

चित्रच हवं असं नाही. कवितेची एक ओळ किंवा गुणगुणलेली अर्धी चाल पाठवली तरी चालेल. पाठवायची मात्र एकाच माणसाला, आणि "कसं झालंय?" हे विचारायचं नाही. त्या दिवशी मन लागलं नाही तर कागद कोरा राहू द्या. पण आठवडेच्या आठवडे झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर या खेळावर विसंबू नका, आधी डॉक्टरांना गाठा.