एक्सेलमध्ये सर्क्युलर रेफरन्सचा, म्हणजे सूत्र गोल फिरून स्वतःच्याच उत्तरावर टेकल्याचा, इशारा येतो. सर म्हणतात, "इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (तेच गणित फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा करणं) चालू कर आणि फेऱ्या १०० च्या १००० कर." करू का?

नका करू. निदान तो गोल नेमका कुठे आहे हे सापडेपर्यंत तरी नाही.

हाच सल्ला मला आमच्या साहेबांनी दिला होता आणि त्यापायी मी बँकेत तोंडघशी पडलोय. तेव्हा सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात होतो. हळद दळायच्या नव्या युनिटच्या कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करायचा होता. साहेबांची एक जुनी फाईल होती. पार्टी कोणतीही असो, आकडे बदलायचे आणि द्यायची. त्यात कॅश क्रेडिटचं (बँकेच्या खेळत्या कर्जाचं) व्याज सरासरी शिलकेवर, शिल्लक नफ्यावर आणि नफा पुन्हा व्याजावर. म्हणून साहेबांनी इटरेशन कायमचं चालू ठेवलेलं.

ऐनवेळी साहेब म्हणाले, "किरकोळ दुरुस्तीची ओळ वेगळी दाखव." महिन्याला २५० रुपये, बारा महिने, बी२ ते बी१३. बी१४ मध्ये बेरीज. घाईत माऊस एक घर (सेल) जास्त ओढला गेला आणि बेरजेत बी१४ स्वतःच आलं. एरवी एक्सेलने तिथेच अडवलं असतं. इटरेशन चालू म्हटल्यावर त्याने निमूट शंभर फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला आधीच्या बेरजेत ३,००० मिळवले. यायला हवे ३,०००, आले ३,००,०००. नफा तेवढ्याने घटलेला, पण तोटा नव्हता, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. प्रिंट, सही, शिक्का, बँक.

मॅनेजरनी पेनड्राइव्हवरून फाईल उघडली आणि व्याजदर पाव टक्का वाढवून पाहिला. दुरुस्ती ६,००,०००. दर पूर्ववत केला. ९,००,०००. "व्याज कमी केलं तरी तुमची गिरणी बिघडतेच का हो?" पार्टी शेजारीच बसलेली.

साहेबांचं म्हणणं तेव्हा जे होतं तेच आजही आहे: "बेरीज तू चुकवलीस, सेटिंगने नाही." मीच चुकवली, कबूल. पण माणूस घाईत एक घर जास्त ओढणार हे धरूनच तो इशारा ठेवलाय ना? शिवाय ही सेटिंग एका फाईलपुरती राहत नाही. सकाळी जी फाईल पहिली उघडाल तिची सेटिंग पुढे उघडलेल्या सगळ्या फाईलींना लागते. म्हणजे साहेबांची फाईल आधी उघडली की दिवसभर बाकीच्या कामातलेही इशारे बंद.

तुमच्या फाईलीत गोल असलेलं घर शोधायचं तर इटरेशन बंद ठेवा. खाली डावीकडच्या पट्टीत पत्ता दिसतो. नुसतेच शब्द दिसले, पत्ता नाही, तर गोल दुसऱ्या शीटवर आहे. फॉर्म्युलाज टॅबमध्ये एरर चेकिंगचा बाण दाबला की सर्क्युलर रेफरन्सेसची यादी मिळते. बहुतेक वेळा माझ्यासारखीच बेरीज निघेल.

खरा गोल असला तरी बऱ्याचदा तो गणिताने सुटतो. मॅनेजरचं कमिशन, "कमिशन वजा जाता उरलेल्या नफ्यावर १० टक्के", हे बुककीपिंगमध्ये १०/११० ने काढायला शिकवतात. नफा ५,५०,००० तर कमिशन ५०,०००, विषय संपला. साहेबांच्या फाईलीत यालाही इटरेशन होतं! व्याजाचं तर सरासरीऐवजी सुरुवातीच्या शिलकेवर काढलं की गोलच राहत नाही. आकड्यात थोडा फरक पडतो, तो टिपेत लिहायचा.

आता साहेबांच्या बाजूने एक. मोठ्या प्रकल्पांच्या मॉडेलमध्ये मुद्दाम गोल ठेवणारे जाणकार लोक आहेत. ते शीटच्या माथ्यावर १ किंवा ० टाकायचं घर ठेवतात आणि गोलातल्या एका सूत्राला त्यावर इफ (अट) लावतात. ० टाकलं की गोल तुटतो. हे लागतंच, कारण एकदा भागिले शून्याची एरर गोलात शिरली की ती स्वतःलाच खात फिरत राहते, मूळ आकडा दुरुस्त केला तरी जात नाही. तुमच्या सरांनी असं घर ठेवलं असेल तर माझं बोलणं निम्मं मागे घेतो.

आणि १०० चे १०००? तसं असतं तर माझी दुरुस्ती पहिल्याच फटक्यात ३०,००,००० झाली असती. सही करताना साहेबांना दिसली तरी असती.