पोटात जंत असले की ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) दबतो, हे खरं आहे का? मग संधिवाताच्या रुग्णाने जंताची गोळी टाळावी का?

गोळी टाळू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'काही अंशी खरं' असं आहे, आणि त्या काही अंशावरून आमच्या घरी एवढं रामायण घडलंय की लिहिल्यावाचून राहवत नाही.

मला स्वतःला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे ऑटोइम्यून प्रकारचा संधिवात आहे, त्यावर प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट चालू आहे. सासर भंडारा जिल्ह्यातलं, हत्तीरोगाच्या पट्ट्यातलं. हा रोगही एका जंतामुळेच होतो. सासूबाईंचा उजवा पाय त्यानेच सुजलेला. एका वर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या आणि मोठ्या भाऊजींनी त्यांना परत पाठवलं. कारण काय, तर ओडिशातला २०१३ चा एक अभ्यास त्यांच्या वाचनात आला होता. हत्तीरोगाच्या भागात राहूनही संधिवाताच्या रुग्णांमध्ये त्या जंताचा संसर्ग सापडला नाही, असं त्यात होतं. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "आईचे सांधे कधी दुखले का? तुम्ही गोळ्या खाऊन खाऊन आजार ओढवून घेता." माझ्या मुलीलाही गोळी द्यायची नाही, असं ठरवूनच टाकलं त्यांनी.

सासूबाईंचा तो पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मलम लावायचं काम माझं होतं. थंडी वाजून ताप भरला की पाय लालभडक व्हायचा आणि त्या रात्रभर कण्हायच्या. भाऊजींनी त्या पायाला कधी हात लावला नाही. तोच पाय पुरावा म्हणून पुढे करणं मला सहन झालं नाही. तो अभ्यास खोटा आहे असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. पण आधी काय झालं आणि नंतर काय, हे अशा एकवेळच्या तपासणीतून कळत नाही. आणि समजा जंताने संधिवात खरोखर अडवला, तरी त्याची किंमत म्हणून हा पाय कोण घेईल?

आता तुमच्या प्रश्नाचं. जंताला वर्षानुवर्षं शरीरात मुक्काम करायचा असतो, म्हणून तो प्रतिकारशक्तीला शांत करतो. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी वाढतात, इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही आवर घालणारी द्रव्यं वाढतात. उंदरांच्या आतड्यातला एक जंत तर टीजीएफ-बीटासारखं काम करणारं प्रथिन स्वतःच बनवतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा ऑटोइम्यून आजार. अर्जेंटिनात त्याचे, पोटात जंत असलेले १२ रुग्ण काही वर्षं पाहिले, त्यांचा आजार फारच कमी उसळला. त्यातल्या चौघांना पुढे जंताचं औषध द्यावं लागलं, तेव्हा तो पुन्हा उसळला. म्हणजे परिणाम आहे, हे मी मानते.

पण उपचार म्हणून वापरायला गेल्यावर काय झालं? डुकरांमधल्या व्हिपवर्म या जंताची अंडी अमेरिकेत क्रोन्सच्या (आतड्यांच्या दाहाचा आजार) रुग्णांना पाजली, २००५ च्या छोट्या अभ्यासात बरेच जण सुधारले. २०१३ मध्ये मोठ्या चाचणीत ती अंडी बिनऔषधी द्रवापेक्षा सरस ठरली नाहीत. ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७१ रुग्णांपैकी निम्म्यांना हूकवर्म या जंताच्या २५-२५ अळ्या त्वचेतून दिल्या. रेग्युलेटरी पेशी वाढल्या, पण मेंदूच्या एमआरआयमधल्या नव्या डागांत ठोस फरक दिसला नाही. माझ्या मते खरी आशा जंताने सोडलेल्या द्रव्यांपासून औषध बनवण्यात आहे, जंत पोसण्यात नाही. आपल्याकडे हूकवर्म म्हणजे रक्त पिणारा किडा, आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना तो परवडणारा नाही.

एक राहिलंच, आणि तुम्ही स्टेरॉइडवर असाल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत शरीरात गुपचूप असेल, तर स्टेरॉइडमुळे तो बेसुमार वाढून जीव घेऊ शकतो. त्याच्यावर नेहमीची अल्बेन्डाझोलची एक गोळी पुरत नाही, म्हणून डॉक्टरांना तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. गरोदर असाल किंवा आजार फार बळावला असेल, तर हत्तीरोगाच्या मोहिमेतल्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नका. मेथोट्रेक्सेट कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून बंद करू नका, तो कितीही शिकलेला असो. माझ्या मुलीला गोळी मी दुसऱ्याच दिवशी आशाताईंच्या घरी नेऊन दिली. भाऊजी त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.