गरब्यासाठी लेन्स घेतोयस ना?

अरे, कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स वाईट नाही, पण रात्रीच्या गरब्यात तिचा जीव पुरत नाही. अंधारात जास्त उजेड घेणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स बघ, जुनी मिळाली तरी चालेल. फक्त तुझ्या निकॉन डी३५०० कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, तेव्हा 'एएफ-डी' म्हणजे कॅमेऱ्यातल्या मोटरवर फोकस करणारी जुन्या प्रकारची लेन्स घेऊ नकोस. मी घेतली होती. हातानं फोकस लागेपर्यंत तिसरी टाळी पडून पोरी पुढं गेलेल्या! घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मार. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले की बुरशी समज, फुकट दिली तरी सोड.

आणि मुंबईला अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीला कॅमेऱ्याची बॅग नेऊ नकोस, आत सोडत नाहीत. बॅग वडोदऱ्यातच ठेव. पासपोर्ट आणि डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचं कन्फर्मेशन पान मात्र आदल्या रात्रीच काढून ठेव.