एनसीसीचा पहिला कॅम्प : सुरुवातीचे दोन दिवस कसे असतात, तयारी काय करावी?

पहिले दोन दिवस रांगेत जातात. नोंदणीची रांग, गादीची रांग, मेसची रांग, नळाची रांग. वर शिट्ट्या आणि ‘फॉल इन’च्या (रांगेत उभे राहा) आरोळ्या. नव्या कॅडेटला वाटतं, हे सगळं आपल्याला छळायला चाललंय. पण शेकडो मुलांना ठरल्या वेळात जेवू घालून मैदानावर उभं करायचं, तर दुसरा उपाय नसतो. १० दिवसांचा हा वार्षिक कॅम्प (सीएटीसी) चुकवू नका. एनसीसीच्या ‘बी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला परेडच्या ७५ टक्के हजेरीबरोबर तोही लागतो.

सगळ्यात जास्त हाल पायांचे होतात, आणि ते टाळता येतात. नवे बूट कॅम्पातच पहिल्यांदा घातले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आलाच म्हणून समजा. निघण्याआधी दोन आठवडे रोज तासभर घरात बूट घालून हिंडा. सुती मोज्यांचे चार-पाच जोड घ्या, ओले मोजे पायात ठेवू नका. टाच लाल दिसली की लगेच चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका.

दुसरी गोष्ट चक्कर. सावधानमध्ये गुडघे मागे ताणून ताठ उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढायला त्रास होतो आणि धडधाकट मुलगाही कोसळतो. गुडघे किंचित सैल ठेवा, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा. नाश्ता सोडू नका, पाणी तहान लागायच्या आधीच प्या. डोळ्यांपुढे अंधारी आली तर खाली बसा. ओरडा बसेल, डोकं तरी फुटणार नाही.

ड्रिल घरी आरशासमोर करून जा. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये ३० अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठा पँटच्या शिवणीवर. विश्रामला डावा पाय १२ इंच बाजूला, उजवा हात मागे डाव्या तळहातात. हुकमाचे दोन तुकडे असतात : ‘दाहिने’ ऐकून तयार व्हायचं, ‘मुड’ ऐकल्यावरच हलायचं. नवखे पहिल्या शब्दालाच वळतात. ‘तेज चल’ला डावा पाय आधी, त्याच्याबरोबर डावाच हात पुढे गेला की अख्खी प्लाटून हसते. (दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांचंही तेच होतं.)

सामानात कुलूप, टॉर्च, सुईदोरा, जादा बटणं, ताट, मग आणि डास पळवणारं मलम. प्रत्येक वस्तूवर न पुसणाऱ्या शाईने नाव घाला; खाकी सगळ्यांची सारखीच असते आणि दोरीवरून बेल्ट-मोजे अदलाबदल होतातच. मुलींनी अंबाड्याची जाळी आणि पिना भरपूर न्याव्यात. मोबाइल बहुधा जमा करून घेतात, म्हणून घरचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

भेटल्यावर ‘गुड मॉर्निंग’ नाही, ‘जय हिंद सर’ किंवा ‘जय हिंद मॅडम’. मेस आणि साफसफाईची ड्यूटी पहिल्या दिवसांतच मागून घ्या. शेवटी स्पर्धांची धावपळ असते, तेव्हा ती जड जाते.