आळंदी रोडचं आरटीओ: जायचं कसं, न्यायचं काय आणि पाय कुठे ठेवायचा

प्रश्न असा आहे : «पुण्यात नवीन आहे. दुचाकीच्या टेस्टसाठी आळंदी रोडच्या आरटीओत जायचंय. परिसर कसा आहे, एजंट लागतोच का?»

मी विश्रांतवाडीत राहते आणि बेचाळिसाव्या वर्षी तिथे लायसन्स काढलं, तेही दुसऱ्या खेपेला. म्हणजे दोन वेळचा अनुभव आहे म्हणा ना.

सगळ्यात आधी, अपॉइंटमेंटच्या कागदावरचं ठिकाण नीट वाचा. पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं «आरटीओ» म्हटलंत की तो तुम्हाला संगम पुलाजवळच्या मुख्य ऑफिसात नेऊन सोडतो. दुचाकीवाले फुलेनगरला, आळंदी रोडवर. माझ्या वेळी चारचाकीची टेस्ट तर भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर व्हायची. तीन टोकांना तीन जागा! सकाळी दहाला चुकीच्या फाटकाशी उभं राहून हताश झालेली माणसं मी पाहिली आहेत.

फुलेनगरला यायला बस सोपी. संगमवाडी ते विश्रांतवाडी बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, २०१५ साली सुरू झाली, त्याच रस्त्यावर हा थांबा. उतरलात की विचारायची गरज पडत नाही. झेरॉक्सच्या टपऱ्या, पासपोर्ट फोटो, पीयूसीची गाडी, ड्रायव्हिंग स्कूलच्या «एल» लावलेल्या गाड्या आणि घामेजलेले चेहरे दिसले की तेच. वस्ती दाट आहे, रस्ता सतत वाहता. लवकर पोचलात आणि वेळ काढायचा असेल तर रिक्षाने डेक्कन कॉलेजला जाऊन या. टिळक शिकले ते हेच. झाडी भरपूर, टेन्शन जरा उतरतं.

एक तारीख मात्र टाळा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं, मुक्काम आळंदीतच असतो आणि दुसऱ्या दिवशी पालखी याच रस्त्याने पुण्यात येते. मी कॅलेंडर न बघता नेमका तोच दिवस घेतला होता. टेस्ट राहिली बाजूला, दुपारपर्यंत सोसायटीच्या बायकांबरोबर वारकऱ्यांना केळी वाटत होते. वाईट वाटलं असं नाही, पण तारीख नव्याने घ्यावी लागली.

आता एजंट. नाही लागत. सगळं परिवहन खात्याच्या «सारथी» साइटवर होतं. आधार जोडलेलं असेल तर लर्निंगची परीक्षाही घरी बसून देता येते. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्याची टेस्ट द्यायची. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो, तो मला लागला. टेस्टला लर्निंग, गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि हेल्मेट. अ‍ॅक्टिव्हावर टेस्ट दिलीत तर विनागिअरचंच लायसन्स मिळतं, बुलेटची हौस असेल तर गिअरची गाडी आणा.

टेस्ट म्हणजे पाय न टेकता गाडीने आठचा आकडा काढायचा. दिसतो तेवढा सोपा नाही. पहिल्या खेपेला मी पहिलं वळण छान घेतलं, दुसऱ्या वळणाला पुढच्या चाकाकडे बघत बसले, गाडी कलली आणि डावा पाय टेकला. चप्पल घासल्याचा बारीक आवाज आला, तो अजून आठवतो. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं कागदावर लिहिलं. नापास झालं की सात दिवस थांबावं लागतं, आणि तीनदा झालात तर ६० दिवस. कायद्यातच आहे ते, रडून उपयोग नाही.

बाहेर ड्रायव्हिंग स्कूलचा एक पोरगा उभा होता, माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. म्हणाला, «मॅडम, चाकाकडे काय बघताय? ते कुठे पळून जात नाही. जिकडे वळायचंय तिकडे मान वळवा.» आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन बादल्या ठेवून त्यांच्याभोवती फिरले. वॉचमनकाका हसायचे. पुढच्या खेपेला बूट घातले, मान वळवली, पाय वरच राहिला. अख्खी टेस्ट एका मिनिटाच्या आत आटोपली.

कार्ड हातात मिळत नाही, पोस्टाने घरी येतं. तेव्हा अर्जातला पत्ता तपासा. माझा जुनाच राहिला होता, त्यामुळे कार्ड धानोरीच्या आधीच्या घरमालकांकडे गेलं. काकूंनी ते टीव्हीशेजारी जपून ठेवलं होतं. आणायला मी गाडीवरूनच गेले.