युतीतल्या धाकट्या भावाची मतं का घटतात?

‘सरकारातल्या छोट्या पक्षाची मतं घटतात’ असं नेहमी म्हटलं जातं. पण आधी एक सांगा, हे मोजलं कसं? जागा सोडल्या की तिथली मतं शून्य, मग राज्याची टक्केवारी घसरणारच. शिवसेनेने २०१४ च्या विधानसभेला स्वबळावर २८२ जागा लढवून १९.३ टक्के घेतले, २०१९ ला भाजपशी युतीत सव्वाशेच्या आसपास लढवून १६.४. लढवलेल्या जागांपुरतं पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. अर्थात त्यात मित्रपक्षाचीही मतं मिसळलेली असतात.

खरी झीज वॉर्डात होते. मुंबई महापालिका, २०१२, इथे धाकटा भाजप. जागावाटप : सेना १३५, भाजप ६३, रिपाइं (रिपब्लिकन पक्ष) २९. म्हणजे १६४ वॉर्डांत मशीनवर कमळच नाही. उमेदवार नाही म्हणून बूथप्रमुखाला काम नाही, मतदार यादी घेऊन चाळीचे जिने चढणारं कोणी नाही. इच्छुक एकतर बंडखोरी करतो, नाहीतर मोठ्या भावाच्या शाखेत जाऊन बसतो. निकाल : सेना ७५, भाजप ३१. २०१७ ला दोघं वेगळे लढले : ८४ विरुद्ध ८२. ‘मोदी लाट’ म्हणून लोक विषय संपवतात. लाट होतीच हो, पण ती झेलायला वॉर्डात उमेदवार उभा लागतो!

राज्य सरकारात धाकटी सेना, आणि तिथे खात्यांचं दुखणं. २०१४ नंतर गृह आणि नगरविकास मुख्यमंत्र्यांकडे. सेनेकडे परिवहन, आरोग्य, उद्योग, पर्यावरण. एसटी रखडली की शिव्या सेनेला, मेट्रोच्या फलकावर फोटो मुख्यमंत्र्यांचा. त्यात ‘राजीनामे खिशात’ अशी सत्ता सोडायची धमकी देत सेनेने पाच वर्षं काढली. विरोधाची मतं विरोधकांना, कामाची मुख्यमंत्र्यांना.

वचनभंगाने मतं जातात, हे आवडतं उत्तर ब्रिटनचं. तिथल्या आघाडी सरकारातला छोटा पक्ष, लिबरल डेमोक्रॅट्स, यांनी विद्यापीठाची फी वाढू देणार नाही म्हणून लिहून दिलं, सत्तेत गेल्यावर कमाल फी ९,००० पौंड झाली. २०१० ला ५७ खासदार होते, २०१५ ला ८. आपल्याकडे जाहीरनामा वाचतो कोण?

आणि हो, प्रत्येक धाकटा बुडतोच असं नाही. राष्ट्रवादी १९९९ ला ५८ आमदारांनिशी काँग्रेससोबत गेली, पण गृह, अर्थ, ग्रामविकास पदरात पाडून. २००४ ला राष्ट्रवादीचे आमदार ७१, काँग्रेसचे ६९. तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसलाच दिलं आणि बदल्यात मंत्रिपदं जास्त घेतली.